चेंडूवरून नजर काढा

ऑक्टोबर 1965. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल्स युनायटेड या क्लबात मॅनेजर बदलले. आले ते तिशीचे ब्रायन क्लफ आणि त्यांच्या जोडीला पीटर टेलर. या दोघांनी पुढं डर्बी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला कुठून कुठं नेलं, हे फुटबॉलवेड्यांना सांगायची गरज नाही. जे गेले त्यांचं नाव जेफ ट्वेंटीमन. जेमतेम काही महिने ते त्या खुर्चीत होते. क्लब चौथ्या डिव्हिजनमधला. तिथल्या तळाच्या चार क्लबांना ‘आम्हाला लीगमध्ये राहू द्या’ म्हणत इतर क्लबांच्या मतांसाठी हात जोडावे लागत आणि हार्टलपूल्सवर ती वेळ वारंवार यायची. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, लिव्हरपूलचे मॅनेजर बिल शँकली यांनी ट्वेंटीमन यांना क्लबाचे मुख्य स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, केलं. त्यानंतर लिव्हरपूलनं खालच्या लीगमधून जी पोरं उचलून आणली त्यांची यादी पाहिली, की या गृहस्थांचं खरं काम कोणतं होतं ते कळतं.

त्यांची कारकीर्द इथं मांडतोय ती कामाला यावी म्हणून. जिल्हा पातळीपर्यंत खेळून गुडघा गेला, पण मैदान सुटवत नाही, असे कितीतरी जण कोल्हापूरच्या पेठांत, मुंबईत, गोव्यात आहेत. शाळेचा संघ निवडायची जबाबदारी गळ्यात पडलेले क्रीडाशिक्षक आहेत. पोरगा ट्रायलला उभा आहे आणि निवडणारे नेमकं काय बघतायत ते कळत नाही, असे आईवडील आहेत. खेळाडू पारखणं ही उपजत देणगी असते, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ती सवयीनं येणारी गोष्ट आहे आणि ती लावून घ्यायला खालच्या लीगसारखी दुसरी शाळा नाही.

ट्वेंटीमन यांचा जन्म 1930 चा, कंबरलँडमधल्या ब्रॅम्प्टनचा. कार्लाइल युनायटेडकडून ते बचावात खेळू लागले. 1949 ते 1951 या काळात त्या क्लबाचे मॅनेजर होते बिल शँकली. तेव्हा मॅनेजर म्हणून शँकलींनाही फारसं कुणी ओळखत नव्हतं. 1953 मध्ये ट्वेंटीमन लिव्हरपूलला गेले आणि त्याच हंगामाअखेर लिव्हरपूल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं. दीडशेहून अधिक सामने ते त्या क्लबासाठी खेळले, पण वरच्या डिव्हिजनमध्ये परतायचं भाग्य काही लाभलं नाही. 1959 मध्ये ते उत्तर आयर्लंडच्या बॅलिमेना युनायटेडमध्ये खेळाडू-मॅनेजर म्हणून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शँकली लिव्हरपूलला आले. चुकामूक म्हणतात ती ही. मग पुन्हा कार्लाइल, मोरकॅम्ब आणि पेन्रिथसारखे लीगबाहेरचे क्लब, आणि हार्टलपूल्स.

या वाटचालीकडं ‘मोठं काही जमलं नाही’ म्हणून बघाल तर फसाल. शँकलींनी 1967 मध्ये नोकरी दिली ती विशीच्या आसपास आपल्या हाताखाली सराव केलेल्या माणसाला. मधे सोळा वर्षं गेली होती. तुमच्या बाबतीतही असंच होणार आहे. फुटबॉलमधली पुढची नोकरी जाहिरातीतून मिळण्याची शक्यता कमी. ती मिळते ती कधीकाळी तुमच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या माणसाकडून. त्याला तुमचे गोल आठवत नाहीत. सरावाला वेळेवर येत होता का, हरल्यावर कुणावर ढकलत होता, एवढं पक्कं आठवतं. खेळत असतानाच प्रशिक्षकांशी, पंचांशी, अगदी प्रतिस्पर्धी संघाच्या सचिवाशी बोलणं ठेवा. रागाच्या भरात क्लब सोडायचा असेल तर दोन दिवस थांबा आणि मग सोडा.

दुसरं, खालच्या क्लबात मॅनेजरकी केलेल्या माणसाला एका चुकीची किंमत कळते. मोठ्या क्लबात निवड फसली तर तो खेळाडू राखीव संघात सडतो आणि दुसरा विकत आणता येतो. मोरकॅम्बसारख्या ठिकाणी मात्र शनिवारी त्यालाच खेळवावं लागतं, आणि पुढच्या शनिवारीही. म्हणून स्काउट व्हायचं असेल तर आधी एखादा छोटा संघ निदान एक हंगाम स्वतः चालवा. तेरा वर्षांखालचा चालेल, गल्लीतला चालेल. स्वतः निवडलेल्या पोरांच्या जोरावर आठवड्यामागून आठवडा सामने काढले, की ‘पोरगा चांगला आहे’ हे वाक्य तोंडातून इतक्या सहज निघत नाही.

आता मैदानावर जाऊ.

सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचा. वॉर्म-अप बघा. कोण मन लावून करतो, कोण टाळतो, कोण दोन्ही पायांनी चेंडू मारून बघतो. बसायला उंचावरची जागा धरा. बाजूच्या रेषेला चिकटून उभं राहिलं की खेळ जोशात दिसतो, पण माणसांमधलं अंतर दिसत नाही. शेजारी गप्पिष्ट मित्र नको. ‘काय मारला यार’ असं कुणी कानाशी ओरडलं, की तुमची नजर त्याच्या नजरेमागं जाते.

सर्वांत अवघड सवय पुढं आहे. एक खेळाडू निवडा आणि पंधरा मिनिटं फक्त त्यालाच बघा. चेंडू कुठंही असो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मान आपोआप चेंडूकडं वळेल. ती परत आणा. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू मिनिट-दोन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, त्यावर तो वरच्या पातळीवर टिकेल की नाही ते ठरतं. पास येण्याआधी खांद्यावरून मागं बघतो का? चेंडू पायाशी आला की पहिल्याच स्पर्शात पुढच्या हालचालीला जागा काढतो, की आधी थांबवून मग विचार करतो? चेंडू गमावला की लगेच मागं पळतो, की पंचाकडं हात पसरून उभा राहतो? संघ दोन गोलांनी मागं असताना पास मागतो, की प्रतिस्पर्ध्याच्या आड लपतो? लपणं ही कला आहे बरं का. काही खेळाडू ती इतकी छान साधतात, की नव्वद मिनिटांत त्यांची एक चूक दिसत नाही, कारण चूक होईल अशा जागी ते गेलेलेच नसतात.

खालच्या आणि वरच्या लीगमधला खरा फरक वेळेचा. चौथ्या डिव्हिजनमधल्या खेळाडूला चेंडू घेऊन डोकं वर काढायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा वर मिळत नाही. म्हणून खालच्या सामन्यात खेळाडू किती छान खेळला याला तसा अर्थ कमी. त्याला घाई नसताना त्यानं काय केलं आणि दोघांनी घेरल्यावर काय केलं, हे वेगवेगळं बघा. केविन कीगन 1971 मध्ये लिव्हरपूलला आला तो स्कनथॉर्पकडून, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमधून, तेहतीस-पस्तीस हजार पौंडांत. सहा वर्षांनी हॅम्बुर्गनं त्याच्यासाठी पाच लाख मोजले. फिल नील 1974 मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनमधून आला, 66,000 पौंडांत. त्या लाल जर्सीत तो आठ लीग आणि चार युरोपियन कप जिंकला. स्टीव्ह हायवे तर स्केल्मर्सडेल युनायटेड या हौशी क्लबात खेळत होता आणि वॉरिक विद्यापीठात पदवीचं शिकत होता. यांतला एकही जण लपून बसला नव्हता. तिकीट काढून कुणीही बघू शकत होतं. बघणारे बघत होते ते निकालाकडं.

एका सामन्यावरून कधीही होकार देऊ नका. घरच्या मैदानावर बघा, परक्या मैदानावर बघा, चिखलात बघा, त्याला मारून खेळणारा बचावपटू समोर असेल तेव्हा मुद्दाम जा. बैलबाजारात जाणता शेतकरी रंगवलेली शिंगं बघून पैसे मोजत नाही, जनावर चालवून बघतो. हॅटट्रिकच्या दिवशी सगळ्यांनाच शिंगं दिसतात.

वही ठेवा. ट्वेंटीमन ठेवत असत, आणि त्यांच्या त्या नोंदींवर सायमन ह्यूज यांनी पुढं पुस्तकच केलं. आज टॅब्लेट आहेत, व्हिडिओ आहेत, तरीही सामना चालू असताना हातानं लिहिलेल्या चार ओळींना तोड नाही. तारीख, मैदान, हवा, प्रतिस्पर्धी, खेळाडूची जागा, कोणता पाय. मग त्यानं काय केलं ते क्रियापदात लिहा, विशेषणात नको. ‘अप्रतिम विंगर’ ही नोंद सहा महिन्यांनी उघडली तर तुम्हालाच काही बोध होणार नाही. उलट ही बघा, नमुन्यादाखल: ‘डावीकडून खेळला, पाय उजवा. बाहेरून जायचा एकदाच प्रयत्न, जमला नाही. आत वळला की बचावपटूला चकवतो. संघानं चेंडू गमावल्यावर तीनदा चालत परतला. 70 व्या मिनिटानंतर दमला. पुन्हा बघायचा, परक्या मैदानावर.’ अशी नोंद वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येतं. शेवटी निर्णय एकाच वाक्यात लिहा: घ्यावा, घेऊ नये किंवा पुन्हा बघावा. ‘तसा बरा आहे’ हे उत्तर तिथं चालत नाही.

नकाराचीही नोंद हवी, तारखेसकट. या कामात दिवसामागून दिवस नकारच लिहायचे असतात आणि ते वर्षानुवर्षं लिहीत राहायचं म्हणजे कंटाळ्याची कसोटी असते. पण नकार कायमचा नसतो. अॅलन हॅन्सन पंधरा वर्षांचा असताना लिव्हरपूलनं त्याची चाचणी घेऊन त्याला परत पाठवलं होतं. 1977 मध्ये पार्टिक थिसलकडून त्याच लिव्हरपूलनं त्याला सुमारे एक लाख पौंड देऊन आणलं आणि पुढं तो कर्णधार झाला. कुणी म्हणेल आधीचा निर्णय चुकला होता. मला तसं वाटत नाही. पंधरा वर्षांचा हॅन्सन आणि एकविशीतला हॅन्सन ही दोन निराळी माणसं होती. क्लबाचं शहाणपण इतकंच, की जुना कागद बघून त्यांनी नव्या माणसावर फुली मारली नाही. ट्रायलमधून परत आलेल्या पोराच्या आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवलं तरी घरातलं वातावरण बरंच निवळेल.

लहान मुलं निवडणाऱ्यांनी जन्मतारीख जरूर बघावी. इंग्लंडमध्ये वयोगट 1 सप्टेंबरपासून मोजतात आणि तिथल्या अकादम्यांत त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं वाजवीपेक्षा जास्त दिसतात, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. आपल्याकडं गट जानेवारीपासून धरतात. तेरा वर्षांखालच्या गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा असतो. तो उंच आहे, जोरात पळतो, म्हणून निवडला जातो, मग त्याला जास्त सराव मिळतो, आणि निवड बरोबर होती असं आपणच म्हणतो. धक्क्यानं पडणारा, पण पडायच्या आधी पास देऊन मोकळा होणारा बारका पोरगा दिसला तर त्याचं नाव वेगळ्या पानावर लिहून ठेवा. खोट्या दाखल्यांचा प्रश्न आपल्याकडं आणखी वेगळा. ती शंका आली तर बोभाटा न करता संयोजकांकडं जा. मुलाला त्यात अपमानित करू नका, दाखला त्यानं बनवलेला नसतो.

स्वभाव कसा ओळखायचा, यासाठी पीटर टेलर यांच्याकडं वळू. हेही खालून आलेले. गोलरक्षक म्हणून कॉव्हेंट्री, मिडल्सब्रो आणि पोर्ट व्हेलकडून खेळले, मग बर्टन अल्बियन या लीगबाहेरच्या क्लबाचे मॅनेजर झाले आणि तिथून क्लफसाठी कमी पगारात हार्टलपूल्सला आले. दोघांत पारख टेलर यांची, हे क्लफही मान्य करत. 1977 मध्ये फॉरेस्टनं बर्मिंगहॅमकडून केनी बर्न्सला घेतलं. हा आडदांड गडी, जुगाराचा नाद असलेला, अशी त्याची ख्याती होती. टेलर स्वतः कुत्र्यांच्या शर्यतीला गेले आणि हा किती पैसे लावतो ते लांबून बघत बसले. लोक बोलतात तेवढं काही नाही, अशी खात्री पटल्यावरच व्यवहार झाला. वर बर्न्सला आघाडीवरून काढून बचावात खेळवलं. पुढच्या वर्षी फॉरेस्ट लीग जिंकलं आणि फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बर्न्सला निवडलं.

या गोष्टीतून ‘पाळत ठेवा’ असा धडा घेऊ नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. घ्यायचं ते एवढंच: ऐकीव बदनामीवर नकार देऊ नका आणि ऐकीव कौतुकावर होकार देऊ नका. मैदान राखणाऱ्या माणसाशी बोला, किट सांभाळणाऱ्याशी बोला, शाळेतल्या शिपायाशी बोला. यांच्याशी खेळाडू जसा वागतो, तसाच तो संघातून वगळल्यावर वागणार असतो. सामना संपल्यावर पाच मिनिटं थांबा. बदली म्हणून बाहेर काढलेला खेळाडू बाकावर काय करत होता, हे पुष्कळांनी पाहिलेलंच नसतं.

आणि आपल्या वरिष्ठाला पटलं नाही तर? गॅरी बर्टल्स लाँग ईटन युनायटेडकडून खेळत होता आणि पोटासाठी गालिचे बसवायची कामं करत होता. क्लफनी त्याचा सामना बघितला तेव्हा ते मुळीच खूश नव्हते, मध्यंतरातलं गरम पेय त्याच्यापेक्षा बरं होतं अशा अर्थाचं काहीतरी ते बोलल्याचं सांगतात. तरी 1976 मध्ये दोन हजार पौंड देऊन त्याला घेतलं. 1978 च्या सप्टेंबरात युरोपियन कपमध्ये फॉरेस्टनं लिव्हरपूलला 2–0 हरवलं त्यात बर्टल्सचा गोल होता. 1980 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याच्यासाठी साडेबारा लाख पौंड दिले. तेव्हा अहवालात आपलं मत मॅनेजरच्या आवडीप्रमाणं वाकवू नका. वाद घालायचा नाही, पण लिहिलेलं खोडायचंही नाही.

बचावपटू लॅरी लॉइडचं उदाहरण मला या सगळ्यांत जास्त आवडतं. 1969 मध्ये ब्रिस्टल रोव्हर्समधून लिव्हरपूलला आला, तिथून कॉव्हेंट्रीला गेला आणि लोकांनी त्याचं संपलं असं धरलं. 1976 मध्ये क्लफ-टेलर जोडीनं त्याला फॉरेस्टला आणलं, आणि तो दोनदा युरोपियन कप जिंकला. म्हणजे स्काउटनं फक्त पोरंच शोधायची असतात असं नाही. ज्याला सगळ्यांनी टाकून दिलं त्याच्यात काय शिल्लक आहे, हेही बघावं लागतं.

निवड झाली की काम संपतं, हा समज मात्र महागात पडतो. इयन रश 1980 मध्ये चेस्टरहून लिव्हरपूलला आला तेव्हा त्याचे तीन लाख पौंड मोजले होते. त्या वयाच्या खेळाडूसाठी इंग्लंडमध्ये तेव्हापर्यंत एवढे कुणी दिले नव्हते. पहिला हंगाम त्याचा जवळजवळ राखीव संघात गेला आणि मुख्य संघासाठी पहिला गोल पडला तो 1981 च्या सप्टेंबरात. पुढं त्याच क्लबासाठी त्यानं 346 गोल केले. मधल्या त्या वर्षात स्काउटनं काय करावं? क्लबाला आपला अहवाल पुन्हा वाचून दाखवावा, आणि पोराला महिन्यातून एकदा फोन करावा. परगावी एकटा राहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘मी तुझ्यावर सही केली आहे’ असं सांगणारं कुणीतरी लागतं.

आता व्यवहाराचं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला हे काम करून बघायचं असेल तर इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे (एफए) खेळाडू पारखण्याचे पायरीवार अभ्यासक्रम आहेत. पहिल्या पायरीपासून सुरू करा आणि लहान मुलांच्या सामन्यांना जायचं तर पोलीस-पडताळणीची तयारी ठेवा. खालच्या क्लबांतल्या अनेक स्काउटांना आजही गाडीच्या पेट्रोलपुरतेच पैसे मिळतात, तेव्हा असलेली नोकरी सोडू नका. आणि भारतात असाल तर इथं बसून मोठ्या क्लबाला ईमेल पाठवत राहण्यापेक्षा जवळच्या लीगचे वीस सामने बघून नीट केलेली दोन पानं एखाद्या क्लबाच्या प्रशिक्षकाला नेऊन द्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही कधीतरी कुणाच्या तरी नजरेत आधी भरलाच होता.

आईवडिलांसाठी एक इशारा. पुण्याच्या वेंकीजनं 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतल्यापासून ‘इंग्लंडमध्ये ट्रायल’ हे शब्द आपल्याकडं जरा जवळचे वाटू लागले आहेत. पण 1 जानेवारी 2021 पासून इंग्लिश क्लबांना अठरा वर्षांखालचे परदेशी खेळाडू घेताच येत नाहीत, आणि अठरानंतरही कामाचा परवाना गुणांच्या पद्धतीवर मिळतो. त्यात देशाच्या संघाकडून किती खेळलात आणि कोणत्या लीगमध्ये खेळलात हे मोजतात. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला तिकडच्या क्लबात घालतो म्हणून कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर त्याला क्लबाचं पत्र मागा, पत्रावरच्या नावाची क्लबाच्या कार्यालयाकडून खात्री करा, आणि तोवर एक पैसाही देऊ नका.